अकराव्या मजल्यावरची भुई

आई चौथीपर्यंत शिकली होती आणि स्वतःच्या सहीचा तिला अभिमान होता. त्या दिवशी मात्र पेन हातात घेऊन ती थांबली. समोर बिल्डर आणि त्याचा वकील, अलीकडं मी आणि माझा थोरला भाऊ, दादा. कागदाकडं न बघता ती म्हणाली, "माझा जीव माझ्या भुईवर गेला पायजे. तेवढं लिवा त्यात, मग सही."

वकिलानं बिल्डरकडं पाहिलं. बिल्डर आमच्याच भागातला, त्याला बरोबर कळलं. तो म्हणाला, "आई, शंभर वर्षं जगणार तुम्ही. आत्तापासनं कशाला त्याचं?"

"शंभर कुठली? न्हाणीची पायरी चढवंना मला. लिवा."

आमच्याकडं माणूस शेवटाला आला की त्याला खाटेवरून खाली घेतात. जमीन सारवायची, वर घोंगडी अंथरायची आणि माणसाला त्यावर निजवायचं. खाटेवर जीव गेला तर तो अधांतरी गेला, असं जुनी माणसं मानतात. वडिलांना आम्ही आमच्या घराच्या ओसरीत असंच खाली घेतलं होतं. आईनं स्वतः सारवलं होतं आणि ओल पुरती सुकायच्या आतच वडील गेले. तेव्हापासून तिला मरणाची भीती उरली नव्हती. कुठं मरायचं हेही तिच्यापुरतं ठरून गेलं होतं, ओसरीत, वडिलांच्या जागेवर. आता ती ओसरीच पाडायची होती.

मोशीत आमच्या आजूबाजूच्या बहुतेकांच्या जमिनी गेल्या होत्या. आमचं घर, गोठा आणि मागचं वावर एवढाच तुकडा उरला होता. घर काही मोठं नव्हतं, विटांच्या चार खोल्या आणि वर पत्रा. तीन बाजूंनी इमारती उठल्यावर पावसाचं सगळं पाणी आमच्याकडं वळायला लागलं होतं. इमारतीला जागा देणं आम्हाला भागच होतं आणि ते आईलाही मान्य होतं. फक्त तिची अट होती.

वकील म्हणाला, असलं कलम करारनाम्यात बसत नाही. तेव्हा मी मध्ये पडलो.

माझी नोकरी मापाची. तळवड्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. चाकणला गाड्यांचे मोठे कारखाने आहेत, त्यांना लागणारे लहान भाग आमच्याकडं बनतात. ते मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. केसाच्या जाडीएवढ्या फरकानं सबंध माल परत जातो. या नोकरीत वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही अडचण दिली की तो आधी मोजपट्टी शोधतो. मी म्हणालो, आम्हाला जे फ्लॅट मिळणार आहेत, त्यातली आईची खोली जुन्या ओसरीच्या बरोबर वर येईल अशी जागा द्या. मग झालंच की तिच्या म्हणण्याप्रमाणं.

बिल्डरला ते सोपं वाटलं. दादालाही पटलं. आईनं माझ्याकडं बघून विचारलं, "बरोबर माझ्या जागंवर?"

"बरोबर तुझ्या जागेवर."

तिनं सही केली.

घर पाडण्याआधी मी रजा काढून मापं घेतली. रस्त्याकडेचा विजेचा लोखंडी खांब आणि मागच्या विहिरीचा काठ, हे दोन बिंदू हलणार नाहीत असे धरले. दादा टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. ओसरीचे चारही कोपरे कागदावर घेतले. आर्किटेक्ट तरुण होता, त्याला या प्रकाराची गंमत वाटली, पण त्यानं नकाशात ते बसवून दिलं. आमच्या वाट्याला अकराव्या मजल्यावरचे समोरासमोरचे दोन फ्लॅट आले, एक दादाचा आणि एक माझा. माझ्या फ्लॅटमधली पश्चिमेची खोली आईची. चूक निघालीच तर वीतभर निघेल, अशी मी सगळ्यांना खात्री दिली.

इमारत व्हायला चार वर्षं लागली. तेवढ्यात बाजार बसला, फ्लॅट विकले जाईनात. शेवटी बिल्डरनं आमचे दोन सोडून सगळी इमारत एका कंपनीला चालवायला दिली. या प्रकाराला को-लिव्हिंग म्हणतात हे आम्हाला दारावरची पाटी वाचून कळलं. इथं घर भाड्यानं मिळत नाही, पलंग मिळतो. एका खोलीत दोघं किंवा तिघं. पलंग, गादी, कपाट, वायफाय सगळं कंपनीचं. कपडे धुवायला खाली यंत्रं, जेवायला पहिल्या मजल्यावर मोठा हॉल, व्यायामाला जिम. राहायला आलेली सगळी पोरं-पोरी पंचविशीच्या आसपासची. कुणी हिंजवडीला आयटीत, कुणी चाकणला कंपनीत, कुणी तळवड्यात. बावीस मजल्यांत संसार फक्त आमचे दोन.

राहायला गेलो त्या दिवशी मी आईला हात धरून तिच्या खोलीत नेलं. फरशीवर आदल्या दिवशीच खडूनं रेघ मारून ठेवली होती.

"ही ओसरीची कड," मी म्हणालो. "इथं तू तांदूळ निवडायला बसायचीस. आणि वडिलांना आपण इथं निजवलं होतं."

आईनं चप्पल काढून पाय टेकवला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग बाल्कनीत जाऊन कठड्याला धरून खाली पाहिलं.

"आरं, पण भुई कुठाय?"

"ही काय, बरोबर खाली."

"खाली किती?"

मला आकडा ठाऊक होता. "एकशे पंधरा फूट."

"मग मी काय पाखरू हाय का?"

माझी बायको तोंडाला पदर लावून हसली. दारात उभा असलेला भाऊ म्हणाला, "साहेबांनी लांबी मोजली, रुंदी मोजली. उंची मोजायची तेवढी ऱ्हायली." मीही हसलो. आईच्या डोळ्यांत पाणी होतं ते मला त्यानंतर दिसलं.

तिनं पुन्हा त्यावर भांडण काढलं नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. ती आपली भुई शोधत राहिली. एकदा लिफ्टनं माझ्यासोबत तळमजल्यावर आली. तिथल्या चकचकीत फरशीवर काठी आपटून म्हणाली, "ही तरी?" तेवढ्यात एक गाडी उतारावरून आणखी खाली गेली. "खाली अजून हाय?" खाली गाड्यांसाठी दोन तळघरं होती. तिचा आग्रह म्हणून मी तिला अगदी खालच्या तळघरात नेलं. तिथं दिव्यांचा पांढरा उजेड आणि ओला वास. मी तिला खरं तेच सांगितलं, की हिच्याही खाली चार फूट सिमेंटचा थर आहे, आणि माती त्याच्या खाली.

"मग हितली माती कुठं गेली?"

"डंपरनं नेली. कुठंतरी भराव घातला असंल."

ती वाकून फरशीला हात लावत होती. हात झटकून उठली. "म्हंजे माझी भुई कुणाच्या तरी घराखाली. आन मी कुणाच्या तरी घरावर. चल वर."

आमच्या खाली दहाव्या मजल्यावर लातूरकडची एक मुलगी राहत होती, तळवड्यात नोकरीला होती. लिफ्टमध्ये आईची आणि तिची ओळख झाली. आईला पहिल्यापासून या सगळ्यांचं कुतूहल होतं. लिफ्टमध्ये कुणी कानात गाण्याचं यंत्र घालून उभं असलं तरी ती विचारायची, "कुठलं गाव तुझं?" यंत्र काढून उत्तर देणारी पोरं तिला आवडायची.

ती मुलगी रविवारी वर यायची. आई तिला भाकरी वाढायची आणि चौकशा करायची.

"खाली किती जणी गं तुमी?"

"दोघी, आजी. पण दुसरी पुढच्या महिन्यात चाललीय. तिसरी येईल कुणीतरी."

"कोन येणार त्ये म्हाईत न्हाई?"

"ॲप ठरवतं."

"आन चूल?"

"चूल नाही आजी, खाली हॉलमध्ये जेवण मिळतं."

"चूल न्हाई तर बिऱ्हाड कसलं? पाव्हणी हायस तू. पाव्हणीनं पोटभर जेवावं. घे."

ती हसायची आणि जेवायची. एकदा तिनं विचारलं, "आजी, तुमची खोली माझ्या खोलीच्या बरोबर वर आहे. तुमची काठी ऐकू येते मला. झोप लागत नाही का तुम्हाला?" त्यानंतर आईनं काठीच्या टोकाला चिंधी बांधली. वर्षभरानं त्या मुलीला बंगळूरला नोकरी लागली. जाताना ती आईच्या पाया पडून गेली. आईनं त्यानंतरच्या मुलींची गावं विचारली, पण रविवारी कुणाला वर बोलावलं नाही. "किती जणींला लळा लावायचा?" म्हणाली.

गेल्या पावसाळ्यानंतर आईच्या पायांवर सूज आली. मग छातीत पाणी झालं. दवाखान्यात दोनदा राहिली. दुसऱ्या वेळी डॉक्टरनी आम्हा दोघा भावांना बाजूला घेतलं. हृदय थकलंय, म्हणाले, आता औषधानं फार काही होणार नाही, घरी न्या, तिला जे हवं ते द्या.

तिला काय हवं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. अँब्युलन्समध्येच तिनं माझा हात धरला. दम लागत होता, तरी म्हणाली, "आता भुईचं बघा."

मी म्हणालो, "बघतो."

दादानं आधी त्याच्या परीनं केलं. तो दुचाकीवर नदीकडं गेला आणि तिथून घमेलंभर माती घेऊन आला. पत्नीनं ती चाळली, वहिनीनं पलंगाशेजारी फरशीवर पसरली. वर घोंगडी अंथरायची, असा त्यांचा बेत होता. आई पलंगावरून बघत होती. तिनं हात खाली सोडला, चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळली.

"ही कुठली?"

"नदीकडची," दादा म्हणाला.

"काळी हाय ही. आपली मुरमाड व्हती. पाणी घातलं की दोन घटकंत सुकायची." तिनं चिमूट खाली टाकली. "गोळा कर. घरात पाय भरत्यात."

दादा घमेलं घेऊन गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

मग मी इमारतीचा नकाशा काढला. कपाटात त्याची प्रत होती. दोन्ही तळघरांच्या भिंती कुठपर्यंत गेल्या आहेत हे मी पट्टीनं बघत गेलो. पुढं, मागं, पूर्वेला तळघरं जागेच्या कडेपर्यंत खोदलेली. बागही खरी बाग नव्हती, तळघराच्या छतावर माती घालून केलेली. पश्चिमेला मात्र तळघराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यात साडेचार फुटांचा पट्टा होता. तो कधी खोदलाच नव्हता. आमच्या सगळ्या जमिनीतली कधीही न हललेली माती तेवढीच उरली होती.

मी लगेच खाली गेलो. जनरेटरच्या खोलीच्या मागं अशोकाची झाडं लावलेली एक अरुंद बोळ होती. मी काठीनं उकरून पाहिलं. वर सिमेंटचा चुरा, प्लास्टिक, आणि वीतभर खाली तांबूस मुरूम. मी तो हातात घेतला. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी आनंद झाला. मला वाटलं, सुटलं.

कंपनीचा मॅनेजर विदर्भातला पोरगा होता. त्याला मी सांगितलं की आईला दिवसाचा थोडा वेळ तिथं न्यायचंय आणि वेळ आलीच तर तिथं निजवायचंय. तो म्हणाला, "काका, माझी आजी गेल्या वर्षीच गेली. मला कळतं. पण वरून कुणी फोटो काढला तर माझी नोकरी जाईल. निजवायचं झालं तर आधी मला सांगा, मी त्या बाजूचा दरवाजा बंद करून घेतो. आणि लाइट गेली तर जनरेटर लागेल बघा, धूर येतो."

एवढं तो म्हणाला हेच खूप होतं. दादानं आणि मी तो पट्टा साफ केला. पालापाचोळा काढला, प्लास्टिक वेचलं. पत्नीनं कुठून तरी शेण आणवलं आणि झाडांच्या मध्ये माणूस आडवा होईल एवढी जागा वहिनी आणि ती दोघींनी सारवली. भिंतीपलीकडं कुणीतरी खोकल्याचा आवाज आला, पण आम्ही लक्ष दिलं नाही.

पलीकडं तात्यांचं घर होतं. तात्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांनी जमीन बिल्डरला दिली नाही, तिथं कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या. वडिलांचं आणि त्यांचं आयुष्यभर एका बांधावरून भांडण झालं. दर वर्षी नांगरट झाली की वडील म्हणायचे, त्यानं बांध कोरला, आणि तात्या म्हणायचे, यानं कोरला. दोनदा सरकारी मोजणी झाली. पहिली आम्ही मानली नाही, दुसरी त्यांनी मानली नाही. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. वडील गेले तेव्हा तात्या स्मशानात आले होते, लांब उभे राहिले आणि न बोलता गेले. आमची पिढी तर एकमेकांना ओळखही देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असताना आम्ही आईला चाकाच्या खुर्चीवरून खाली नेलं. लिफ्टमधून बाहेर पडताना डबे घेऊन निघालेली दोन पोरं बाजूला झाली. एकानं दार धरून ठेवलं. बोळीत चाकं अडली तेव्हा दादानं खुर्चीसकट तिला उचललं.

सारवलेल्या जागेशी खुर्ची ठेवली. आईनं वास घेतला. शेणाचा वास तिला किती दिवसांनी आला असेल. मी खाली वाकून मूठभर मुरूम तिच्या तळहातावर ठेवला.

"ही आपली," मी म्हणालो. "हलवलेली न्हाई."

तिनं माती चोळली, मान हलवली. "व्हय. हीच." तिचा चेहरा मोकळा झाला. इतका मोकळा मी तो घर पाडल्यापासून पाहिला नव्हता. तिनं पाय खाली सोडून टाच टेकवली. मग ती भिंतीकडं बघायला लागली, मग झाडांच्या रांगेकडं, मग पलीकडच्या पत्र्यांकडं. ती हिशेब करत होती. माझ्यासारखा टेपनं नाही, पण करत होती.

"हितं चिंच व्हती का रं?"

दादा म्हणाला, "व्हती. भिंत घालताना तोडली."

"मग हा बांध हाय."

आम्हाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण आम्ही त्याचा विचार केला नव्हता. बिल्डरनं कुंपण घालताना घाईनं काहीतरी मधला मार्ग काढला होता आणि तेव्हापासून ती जागा आम्ही आमचीच धरली होती.

"आई, आता भिंतीच्या आत हाय ती. आपल्याच नावावर हाय," दादा म्हणाला.

"भिंत बिल्डरची. माझ्या सासऱ्याला न्हाई ठरवता आलं, तुझ्या बापाला न्हाई. ज्याचं ठरलं न्हाई तिथं मला निजवू नगा."

"अगं, कोण बघतंय आता?"

"मी बघतेय की." तिला धाप लागली. थोडं थांबून म्हणाली, "जल्मभर ह्या बांधावरनं शिव्या खाल्ल्या मी. तिकडच्या बायका म्हनायच्या, जमीन खाणारी. आता मरायला बी हितंच आली म्हनतील. न्हाई. वर न्या मला."

तिनं तळहातावरची माती पुन्हा होती तिथं सोडली आणि हात झटकला.

आम्ही तिला वर नेलं. दादा माझ्यावर चिडला. रात्री न जेवता म्हणाला, तिचं ऐकायचं नाही, वेळ आली की मी उचलून खाली नेणार, तिला कळणारसुद्धा नाही. मी म्हणालो, तिनं शुद्धीत सांगितलंय. तो म्हणाला, मग काय अधांतरी जाऊ द्यायची का? आमच्या दोघांत असं भांडण पूर्वी कधी झालं नव्हतं. शेवटी वहिनी म्हणाली, "तुम्ही दोघं बांधाचंच भांडताय."

आठवडा गेला. एका दुपारी पत्नीचा कारखान्यात फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आईचा श्वास खालीवर होत होता आणि दादा तिच्या डोक्याशी बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. त्यानं हट्ट धरला नाही.

आम्ही तिला पलंगावरून खाली घेतलं. फरशी ओल्या फडक्यानं पुसली होती, सारवता येत नव्हतं. वर तिचीच घोंगडी. निजवताना तिचा उजवा हात घोंगडीच्या बाहेर फरशीवर पडला. बोटं हलली. तिनं फरशी चाचपली, शेतात बियाणं टाकण्याआधी ओल बघतात तशी.

"गार हाय," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाशी कान नेला. ती आणखी काही विचारेल असं मला वाटत होतं. ती काही विचारत नव्हती. पत्नीनं तोंडात पाणी घातलं. त्यातलं थोडं आत गेलं, थोडं ओघळलं. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी गाणं चालू होतं. ते मध्येच बंद झालं, आणि थोड्या वेळानं आईचा श्वासही.

पुढचं सगळं त्या इमारतीच्या पद्धतीनं झालं. लहान लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही, म्हणून सामानाची लिफ्ट घ्यावी लागली. मॅनेजरनं सगळ्यांच्या फोनवर संदेश पाठवला, की अकराव्या मजल्यावरच्या कामामुळं लिफ्ट क्रमांक तीन अर्धा तास वापरू नये. तिरडी खाली गाड्या थांबतात त्या जागी बांधली. कामावरून परतणारी पोरं लांबून वळसा घालून आत जात होती. काहींनी कानातली यंत्रं काढली. एक मुलगी, मी तिला ओळखत नव्हतो, खांबाशी उभी राहून रडत होती. आईनं तिलाही कधीतरी गाव विचारलं असेल.

सावडून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरून फोन आला. रखवालदार म्हणाला, "साहेब, एक बाबा आलेत. नंबर सांगा म्हटलं तर सांगत नाहीत. मी पाव्हणा न्हाई, भिंतीपलीकडचा हाय म्हणतात."

मी खाली गेलो. तात्या उभे होते. हातात काठी, डोक्यावर टोपी, गालफडं बसलेली. मी त्यांना लिफ्टनं वर आणलं. ते डोळे मिटून उभे राहिले. दारात आल्यावर दादा उठून उभा राहिला, पण पुढं झाला नाही.

"कुठं निजवली व्हती वयनीला?" तात्यांनी विचारलं.

मी खोलीत नेलं. त्या जागी दिवा तेवत होता. तात्या काठी टेकवत भिंतीशी खाली बसले.

"त्या दिशी मी बघितलं तिला. खुर्चीवर. आमच्या जिन्यातनं दिसतं. मला वाटलं ऊन खायाला आणलीय. मी मागं सरलो. म्हनलं, मला बघितलं तर उठून जाईल."

मी त्यांना सगळं सांगितलं. भुईचं, नकाशाचं, मातीचं, आणि ती काय म्हणाली तेही, तिच्याच शब्दांत. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ठरलं न्हाई म्हनून उठली?"

"हो."

"आरं, मग भिंतीवरनं हाक मारायची मला. मी आलो असतो. म्हनलो असतो, वयनी, तुमचाच हाय बांध, निजा गुमान. कागद बी लागला नसता."

दादा दारातून म्हणाला, "म्हनला असता तुमी? इतकी वर्सं नाय म्हनला."

तात्यांनी वर पाहिलं. "तिला म्हनलो असतो. तुमाला न्हाई."

दादा मागं वळला आणि बाल्कनीत गेला. माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत होती. सुतकाच्या घरात भेटायला आलेल्या माणसाला चहापाणी विचारत नाहीत. पण एवढं वय झालेला माणूस असा कोरडा कसा पाठवायचा, हे तिला कळेना.

तात्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "ठेव गं बाई चहा. मला चालतो. चार दिस झालं, आमच्या बी घरात फोडणी न्हाई. सुतक आमाला बी हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग आत जाऊन आधण ठेवलं.